अकरा नंबरची चादर

चादरमावशीने वॉर्डात पाऊल टाकलं न टाकलं, तोच सगळे हात चादरींवर गेले. बावीस खाटा, बावीस बायका, लख्ख दुपार. नुसत्या मुठी वळल्या. जणू ही आत्ता येऊन अंगाखालची चादर ओढूनच नेणार आहे.

तिचं काम तेवढंच होतं, चादरी बदलायच्या. आणि वॉर्डभर पसरलं काय होतं, तर ही जिची चादर बदलते ती बाई टिकत नाही. आता यातली गंमत बघा, म्हणजे गंमत कसली, पण जिचं खरंच संपत आलंय तिची चादर ही मुद्दाम स्वतःकडे मागून घ्यायची. ओल्या चादरीवर कुणी जाऊ नये, एवढाच तिचा हट्ट. मग ती बाई जायचीच ना.

आधी असं कुणी म्हणत नव्हतं हं. सुरुवात झाली चार नंबरपासून. चार नंबरची म्हातारी खाटेवरून पडली ती गेलीच. खाटेचा कठडा खाली राहिला होता. म्हातारीला पाणी पाजून वॉर्डातली थोरली मावशी निघून गेली होती आणि तो वर करायचा विसरली होती. पण सिस्टरनी विचारलं तेव्हा थोरली बेधडक म्हणाली, "चादर बदलायला हीच आली होती की." सव्वीस वर्षं नोकरी झालेली थोरली, तिच्या शब्दाला वजन. चादरमावशीची चौकशी लागली. नोकरी राहते की जाते, ते सोमवारी ठरणार होतं.

"तोंड उघड की जरा," लेक घरी डोकं खायची.

"उघडलं होतं. एकदा खरं ते सांगितलं. दहादा सांगत सुटले तर मलाच ते खोटं वाटायला लागेल."

"आणि वर रोज सकाळी प्रार्थनेत पहिलं नाव त्या थोरलीचंच."

"शास्त्रात तसंच सांगितलंय. निंदा करणाऱ्यासाठी आधी मागायचं. तो बायबलातला पोरगा आठव ना, खोटा आळ आला, झगा राहिला मालकिणीच्या हातात आणि तुरुंगात गेला हा."

"त्याला पुढे राजवाडा मिळाला, आई. तुला फार तर धुलाईखात्यात बदली."

दोघी खूप हसल्या त्या दिवशी.

आणि शुक्रवारी थोरली ड्यूटीवरच कोसळली. फुप्फुसात पाणी. ठेवलं तिच्याच वॉर्डात, अकरा नंबरला. त्या संध्याकाळी लेक हसली नाही. ताटं पुसता पुसता हळूच म्हणाली, "आई, तू तिचं नाव घेऊन नक्की काय मागतेस गं?"

भलंच मागत होती चादरमावशी, अगदी शपथेवर. पण वरून भलं मागताना आत खोलवर बसून दुसरंच कुणी दुसरंच काही मागत असेल तर? शनिवारी सकाळी ती गुडघ्यांवर बसली, थोरलीचं नाव ओठांपर्यंत आलं, आणि ते उच्चारायचीच तिला भीती वाटली.

त्याच दुपारी अकरा नंबरची चादर ओली झाली. डॉक्टरांनी सकाळीच मान हलवली होती, आता फक्त आराम द्या म्हणून.

"तू नको जाऊस," सिस्टर तिच्याकडे न बघता म्हणाल्या. "काही झालं तर सोमवारी मला नाही सांभाळता येणार."

"ओल्यात पडलीये ती, सिस्टर."

तिला बघताच थोरलीने चादरीची कड दोन्ही मुठींत गच्च धरली. डोळे एवढाले झाले.

"सोडा, मावशी. गारठाल."

मूठ सुटेना. चादरमावशी तशीच उभी राहिली, तिला कसली घाई नव्हती. मग एक बोट उघडलं. मग दुसरं.

तिने कठडा खाली केला, थोरलीला कुशीवर वळवून आपल्या अंगाशी टेकवलं, आणि तिच्या पाठीवरून हात नेऊन ओली चादर गुंडाळायला लागली. तेवढ्यात कानाशी आवाज आला, श्वासाएवढाच.

"कठडा... मीच खाली ठेवला होता गं."

सिस्टर बाहेर व्हरांड्यात. एक हाक, आणि सोमवारचा प्रश्न सुटला असता. चादरमावशीने हाकेसाठी तोंडसुद्धा उघडलं. थोरलीचा श्वास तिच्या मानेवर लागला, मग कितीतरी वेळ लागलाच नाही, मग पुन्हा एक. हे श्वास तिच्या ओळखीचे होते. चार-पाच उरले असतील. ते सिस्टरपुढे कबुलीत घालवायचे, तेही असं ओल्यात?

तिने तोंड मिटलं. कोरडी चादर सरकवली, थोरलीला त्यावर निजवलं, चारही कोपरे नीट खोचले.

"झालं हं, मावशी."

पुढचा श्वास आला नाही. तिने कठडा वर केला. तो खट्कन बसला, आणि तो आवाज पार शेवटच्या खाटेपर्यंत गेला.

ओली चादर हातावर घेऊन ती दाराकडे निघाली. दोन्ही बाजूंना मुठी, मुठी, मुठी. फक्त दहा नंबरची आजी, अगदी शेजारची, मघापासून कान देऊन टक्क जागी होती. तिचे दोन्ही हात चादरीवर उघडे पडले होते.