भांगाला पोर बापाकडं

प्रीतमदादाने मुलीला न्यायचे दोन शनिवार चुकवले, तेव्हा कोर्टातल्या मध्यस्थ सुचेता मॅडमनी त्याला समोर बसवून झाडलं. दादा माझा चुलतभाऊ, मी त्याच्याच होडीवर खलाशी, म्हणून सोबत गेलो होतो. दादा म्हणाला, उधाण होतं, समुद्रात होतो. मॅडमनी शांतपणे विचारलं, उधाण रविवारी घेता येणार नाही का.

नीलमवहिनी दादापासून वेगळी होऊन लेक रीमाला घेऊन सिल्व्हर पार्कात बहिणीकडे राहते, पण वहिनीही कोळ्याचीच पोर. त्या बैठकीत तीच म्हणाली, वार सोडा. अमावास्या-पुनवेला उधाण, होड्या बाहेर, तेव्हा रीमा माझ्याकडं. अष्टमीच्या आसपास भांग, पाण्याला ओढ नसते, जाळ्यात काय येत नाही, होड्या घरी. तेव्हा बापाकडं. मॅडमना यातलं काही कळलं नाही, म्हणून त्यांनी ते ताबडतोब मान्य केलं. सह्या झाल्या. दादाने सगळ्यांना उसाचा रस पाजला.

मग पावसाळ्याची मासेमारीबंदी लागली. होड्या वर ओढल्या. दादा उधाणातही घरी. तो थेट सिल्व्हर पार्कात गेला आणि वहिनीला म्हणाला, "आता दोन म्हयने माझा भांगच हाय."

"दर्या तुमच्या होडीला इचारून भरतो का? उधाण म्हंजे उधाण," वहिनी म्हणाली. मग आवाज खाली आणून, "एकदा दोन म्हयने दिली, का ती माझी ऱ्हायची न्हाय."

दादा मॅडमकडे गेला. त्या म्हणाल्या, कराराला तुमचीच सही आहे. त्यानंतर तो रोज खाडीवर जाऊन भरतीला शिव्या द्यायचा. उधाणाचा राग करणारा आमच्या कोळीवाड्यातला हा पहिलाच माणूस. लोक मला विचारायचे, बरा आहे ना.

एक दिवस त्याने फाटकं जाळं रिक्षात कोंबलं, मला घेतलं आणि वहिनीच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये ते पसरून शिवत बसला. सेक्रेटरी गुणवंतभाई आले. "ये क्या है?" "जाल है." "वो तो दिख रहा है." त्यांनी सोसायटीचे नियम काढले. कुत्रे, ढोल, फटाके, सगळ्याला मनाई होती. जाळ्याचं कुठे काही नव्हतं. ते नाकाला रुमाल लावून गेले.

शाळेतून आलेली रीमा जाळ्याशी थांबली. "पप्पा, आज नेताव?"

"न्हाय. उधाण हाय."

तिने दप्तर टेकवलं, जाळ्याचं दुसरं टोक मांडीवर घेतलं आणि शाळेतलं सांगत बसली.

चार दिवस हेच चाललं. पाचव्या दिवशी वहिनी खाली उतरली. जाळ्याकडे बघितलं, लेकीकडे बघितलं.

"अजून किती फाटलंय?"

जाळं आदल्या दिवशीच शिवून झालं होतं.

"लय," दादा म्हणाला.

"दिवेलागणीला वर पाठवा," वहिनी म्हणाली आणि जिना चढली.

दादाने सुरी काढली आणि धड जाळं हातभर कापलं.