जिमच्या डब्यातली ताकद

रुपेशच्या एकदा डोक्यात बसलं की बसलं, मग ब्रह्मदेव आला तरी ऐकायचा नाही. जर्मनीत वोल्फ्सबुर्गला गिअरबॉक्स बनवणारा इंजिनियर, त्याला वडिलांचं यकृत म्हणजे आणखी एक मशीनच. शरदचंद्रांना सिरोसिस झालेला, अंगावरचं मांस झडून नुसता सापळा उरलेला. डॉक्टरांनी अमिनो ॲसिडची पाकिटं दिली होती.

"यात तीनच ॲसिड आहेत. माझ्या जिमच्या पावडरच्या डब्यात अठरा आहेत," रुपेश म्हणाला.

"अरे, डॉक्टरांना विचार तरी," बायको स्वरूपा म्हणाली.

"त्यांची टेर्मिन, भेटीची वेळ मिळेपर्यंत बाबा उरतील का?"

बाप हातचा जाईल या धास्तीने त्याची झोप उडाली होती. तो डब्यातले चमच्यावर चमचे दुधात ढवळायचा आणि लेकाने दिलं म्हणून म्हातारा बिचारा मुकाट प्यायचा.

थोड्याच दिवसांत शरदचंद्र दिवसा झोपू लागले, बूट फ्रीजमध्ये ठेवू लागले. रुपेशला तो अशक्तपणा वाटला. त्याने चमचे वाढवले.

शनिवारी सकाळी स्वरूपा चहा घेऊन गेली, तर त्यांनी तिचे केस धरून डोकं भिंतीवर आपटलं. जन्मात कुणाला वावगा शब्द न बोललेला माणूस घाणेरड्या शिव्या देत होता. रुपेश धावला. म्हाताऱ्याची काठी त्याच्या दातांवर बसली, तोंड रक्ताने भरलं. मग त्याचंही डोकं फिरलं. त्याने बापाला कपाटावर फेकलं, हात पिरगाळला, छातीवर गुडघा रोवून थोबाडीत हाणत राहिला. बापाचा हात कट्कन मोडला तरी थांबला नाही. स्वरूपाने मागून ओढलं, तेव्हा म्हाताऱ्याची शुद्ध हरपली होती.

"पाकिटातली तीन स्नायूंना पोसतात," इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमच्या डब्यात ग्लुटामाइन भरलंय. त्याचा अमोनिया होतो. आजारी यकृताला तो काढता येत नाही, मग तो मेंदूला भिडतो. आपण मारतोय, हे त्यांना कळतही नव्हतं."

रुपेशला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अमोनिया उतरला आणि शरदचंद्र पुन्हा हळू, मऊ बोलू लागले. प्लास्टरकडे बघून म्हणाले, "हे कसं झालं रे?"

"मी मारलं तुम्हाला, बाबा."

ते त्याच्या फाटक्या ओठाकडे बघत राहिले. "मग मीच काहीतरी वाईट केलं असणार. तू उगाच हात उचलणारा नाहीस." मग म्हणाले, "उद्या तुझा तो डबा आण. यांच्या पाकिटाने काय ताकद येणार?"

रुपेशने पाकीट फोडून पाण्यात ढवळलं. अर्धं चादरीवर सांडलं. उरलेला पेला त्याने बापाच्या तोंडाला लावला, आणि लेकाने दिलं म्हणून ते मुकाट प्यायले.