परतीचा घास

काळा गूळ करपवून, त्यात लसूण-आलं-दालचिनीचं वाटण आणि आंबलेली शिंदी घालून तिमण्णानं डुकराचं मांस रात्रभर मुरवलं होतं. आता बूड फोडलेला रांजण निखाऱ्यावर पालथा घालून, पहारीला मांस टांगून तो भाजत बसला होता. रंगूनला एका चिन्याच्या खानावळीत हेच करून तो जगला. लढाईत तिथं बाँब पडले तसा पायी पायी हुमनाबादजवळच्या आपल्या दगडफोड्यांच्या वस्तीवर आला, तर जातीनं त्याला बाहेर ठेवलं. समुद्र ओलांडला, परक्याच्या चुलीवर जेवला, हा गुन्हा.

आज जातीला जेवण होतं. रीत अशी, की बाहेरच्यानं पहिला घास मुख्य पंचाच्या हातावर ठेवायचा. पंचानं तो खाऊन परतीचा घास दिला, की माणूस आत. तिमण्णाला तो घास पाहिजे होता, कारण त्याची माय यंकव्वा खंगत चालली होती आणि जातीबाहेरच्या पोराला मायच्या तिरडीला हात लावू देत नाहीत.

पंगत बसली. मुख्य पंच दुरगप्पा हसला, "कामून रं, डुकराची मिठाई करायलास व्हय?"

"खाऊन तर बघा, अण्णा."

दुरगप्पानं खाल्लं. डोळे मिटले. पुन्हा मागितलं, पुन्हा मागितलं. कोपरापर्यंत आलेली चरबी चाटून म्हणाला, "कुणी शिकवलं?"

"चिन्यानं."

"त्याच्याच ताटात जेवायचास?"

"मग काय उपाशी रांधू?"

पंगत खदखदली. दुरगप्पानं हात धोतराला पुसला. "तुझी जीभच बाटलीय. ह्या चवीत त्याचा हात हाय. परतीचा घास न्हाई. आपल्या पद्धतीचं दुसरं जेवण घाल, मग बघू."

"तुमीच तीनदा वाढून घेतलं की!"

"पंचाला बाट लागत न्हाई."

थू असल्या जातीवर! भूक असेस्तोवर चव, आणि ढेकर आला की बाट.

यंकव्वा पत्रावळ घेऊन उठली. माणसांच्या खांद्यांना धरत धरत पंगतीबाहेर आली आणि पोराशेजारी बसू लागली. "मीबी खाल्लंय. मलाबी काढा भाईर."

"बसलीस तर परत उठता यायचं न्हाई, यंकव्वा," दुरगप्पानं बजावलं.

"आता उठवतंय कोण मला?"

तिमण्णाचं तोंड उतरलं. हे त्यानं मागितलं नव्हतं. "माय, माघारी जा. न्यायला चार माणसं लागत्यात गं. मी एकटा हाय."

"ते मेल्यावर. आत्ता भूक लागलीय."

त्यानं पहारीवरचा मऊ तुकडा तोडला, बोटांनी बारीक केला आणि तिच्या बोळक्या तोंडात घातला. पंगतीत कुणी मान वर केली नाही.

थोड्या वेळानं दुरगप्पाच बोलला, जरा हळू आवाजात.

"पहारीवरचं सगळं संपलं का रं?"