आसरांचा वाटा

बायाच्या तोंडाची चव गेली त्याला चार महिने झाले. दवाखान्याच्या गोळ्या झाल्या, भगताचा अंगारा झाला. शेवटी तीच नवऱ्याला, सावळाला म्हणाली, "अवं, येकदा मळ्याचं कालवण करा. जेवते का न्हाई बगा."

आता मळ्या आणायचा कुठून? भुशी धरणाच्या खालच्या डोहात सावळानं पोरवयात हे मासे नुसत्या हातानं धरलेले. पण मुंबईची माणसं काचेच्या पेटीत मासे पाळतात, पेटीचं शेवाळ चाटायला सकर मासा ठेवतात, अन् तो हातभर झाला की त्याचा पापा घेऊन डोहात सोडतात. वर जीव वाचवला म्हणून फोटो! त्या चिलखतवाल्यानं डोहातलं शेवाळ खाल्लं, मळ्याची अंडी खाल्ली, जाळी फाडली. कापावा तर कोयताच उडतो. मांजरानं एकदा हुंगला, ते दोन दिवस घरी आलं नाही.

त्यात रीत अशी, की दिवसातला पहिला मासा डोहातल्या साती आसरांचा, पाण्यातल्या देवींचा. कुंकू लावून परत सोडायचा. सावळानं अक्कल लढवली. कालचा सकर बादलीत जिवंत ठेवला. सकाळी तोच आसरांना दिला, की पुढं घावलेला मळ्या बायाचा!

डोहावर तो कुंकवाची पुडी सोडतोय तोवर सकरनं शेपटी हाणली. कुंकू सावळाच्या तोंडावर, सकर पाण्यात.

"आरं थांब, तुला वाहायचाय!" सावळा ओरडला. पण आपला आपण पळालेला, तो वाटा कसा धरायचा?

त्यानं जाळं फेकलं. ओढलं. आत एकटा, वीतभर मळ्या.

"आयांनो, मगाचाच धरा की वं," सावळानं विनवलं. मळ्या ओंजळीत तोंड उघडत होता. सावळानं आपल्या नाकावरचं कुंकू बोटानं पुसून त्याला लावलं अन् हात पाण्यात बुडवले.

मग दुपारपर्यंत सकरच सकर.

बाया उंबऱ्यात बसलेली. "ह्ये काय तोंड? येकल्यानंच लगीन लावून आलासा?"

त्यानं सगळं सांगितलं.

"पोटात अंड्यांची गाबोळी हुती?"

"व्हय. गच्च."

बायाच्या तोंडाला पाणी सुटलं. "बरं केलंसा. आसरांनीबी किती दिसांनी तोंडात घातला आसंल, बापड्यांनी."

मग तिनं कोरडी भाकर मागितली, अन् बोटं चाटत चाटत अर्धी खाल्ली.