तेरा मिनिटं सहा सेकंद

टेप लावण्याआधी

आता हे मी हसत सांगते आहे. गेल्या शनिवारी दुपारी तीन वाजता हसू आलं नसतं. तेव्हा माझ्या हातातल्या बशीत अक्रोडाचा केक थरथरत होता आणि शेजारचा गृहस्थ मला विचारत होता की खिडकी लावू का.

दर ऑक्टोबरात इंग्लंडमधल्या फॅवरशॅमजवळच्या एका गावच्या हॉलमध्ये सत्तरच्या दशकातल्या रॉक संगीताची वेडी मंडळी जमतात. बहुतेक साठीच्या पुढचे पुरुष. काहींच्या बायका येतात, त्या विणकाम आणतात. वीस-वीस मिनिटांची गाणी, मध्येच बदलणारे ताल, ऑर्गनचे डोंगर, बासऱ्या, राक्षस, समुद्र. आम्ही तरुणपणी जे वाजवलं त्यावर ही माणसं अजून जीव टाकतात. त्यांचा खेळ एकच: उभं राहायचं, कुठल्याही गाण्यातली आपली सगळ्यात लाडकी जागा सांगायची, मिनिट आणि सेकंदासकट. कारण द्यायचं नाही. मग ती जागा वाजवतात आणि सगळे डोळे मिटून ऐकतात.

यंदा एक निवृत्त पोस्टमन म्हणाला, सात मिनिटं एकेचाळीस, ऑर्गन थांबतो आणि ड्रमवाल्याचं स्टूल करकरतं ती जागा. दुसऱ्याला अकराव्या मिनिटातला बासरीवाल्याचा श्वास हवा होता, बासरी नव्हे, फक्त श्वास. विणकाम करणारी एक बाई न उठताच म्हणाली, "बावीस मिनिटं दहा सेकंद. रेकॉर्डची बाजू संपते आणि नवरा ती उलटायला उठतो, तेवढ्यात मी टीव्ही लावते." सगळे हसले. नवरा सगळ्यात जास्त.

मतं आधीच पोस्टानं मागवली होती. पहिला नंबर आमचा. आमचा म्हणजे आमच्या टिन ऑर्चर्ड या बँडचा. साल चौऱ्याहत्तर, गाणं ‘दलदलीचा राखणदार’, तेरा मिनिटं सहा सेकंद.

ती जागा अशी: मेलोट्रॉनवर कोरसचा एक मोठा सूर धरलेला असतो. मेलोट्रॉन हे वाद्य म्हणजे लाकडी कपाटच. प्रत्येक पट्टीखाली टेपचा एक तुकडा, त्यावर खरी माणसं गायलेली. पट्टी दाबली की टेप सरकते. आठ सेकंदांत संपते. त्याआधी बोट उचलायचं, म्हणजे स्प्रिंग ती मागे खेचून घेते. तर तो कोरस धरलेला असतो, आणि त्यातले आवाज एकेक करून विझतात. मग सहा सेकंद काही नाही. सगळा बँड गप्प. मग लेनर्डच्या गिटारचा एकच सूर, आणि सगळे धाडकन समेवर.

त्या सहा सेकंदांवर लोकांनी पानंच्या पानं लिहिली आहेत. लीड्सच्या एका जोडप्यानं लग्नात त्याच सहा सेकंदांत एकमेकांना अंगठ्या घातल्या.

मेलोट्रॉनवर मी होते. माझं नाव ग्लेनिस प्रॉसर, मूळची वेल्सची. आणि ती जागा म्हणजे माझी चूक होती. मी बोटं उचलायला विसरले, टेप संपल्या, इतकंच.

लेनर्ड टॅपसेलनं, आमच्या गिटारवाल्यानं, ते सहा सेकंद चौकटीच्या कागदावर आखून लिहिले होते, असं तो पन्नास वर्षं जगाला सांगत आला आहे. मासिकांना, रेडिओला, दोनदा विद्यापीठात. दलदलीतलं ओहोटीचं पाणी क्षणभर थबकतं, तसं म्हणे ते. मी कधी तोंड उघडलं नाही. आधी रागानं, पुढे सवयीनं, आणि अलीकडे त्याची दया येऊन. त्याच्या हृदयाची झडप बदलली आहे. बायको गेली. त्याच्याकडे हे गाणं आणि ही माणसं उरली आहेत.

आणि काही महिन्यांपूर्वी कुणाला तरी मूळ टेप सापडली होती. सोळा ट्रॅकची. प्रत्येक वाद्य वेगळं, प्रत्येक माइक वेगळा.

ट्रॅक १ ते ६ : ड्रम

ध्वनिअभियंता इमोजेन चाळिशीची आहे, शांत, केस आखूड. तिनं सांगितलं की इतकी जुनी टेप चिकट होते, म्हणून आधी मंद ओव्हनमध्ये बारा तास भाजावी लागली.

"मलाही भाजून बघ," लेनर्ड म्हणाला. "कदाचित परत वाजेन."

तो माझ्या शेजारीच पहिल्या रांगेत बसला होता. निळा सूट. त्यानं एवढ्यात दुसऱ्यांदा रुमाल काढला, मला वाटलं उकडतंय त्याला.

इमोजेन तेच चाळीस सेकंद पुन्हा पुन्हा वाजवणार होती, दर वेळी एकेक ट्रॅक उघडून. आधी बार्नीचे ड्रम. बार्नी चार वर्षांपूर्वी गेला. हॉलभर त्याचा सात मात्रांचा ठेका घुमला, थांबला, आणि त्या शांततेत बार्नी नाक ओढताना ऐकू आला. सर्दी झालेली, जिवंत. कुणीतरी मागे हुंदका दिला. मलाही भरून आलं असतं, पण माझं सगळं लक्ष इमोजेनच्या पुढ्यातल्या कागदावर होतं. तो टेपच्या डब्यातला मूळ तक्ता होता. सोळा चौकटी. शेवटच्या दोन चौकटींवर लाल फुली.

ट्रॅक ७ : बेस

कॉलिनचा. तो हल्ली न्यूझीलंडमध्ये मेंढ्या पाळतो. बेसही तेरा-सहाला थांबतो, काटेकोर. मागचे दोघं कुजबुजले की बघ, लिहिलेलं असल्याशिवाय इतकं अचूक कोण थांबेल. लेनर्डनं ते ऐकलं. तो खूश व्हायला हवा होता. तो बुटांकडे बघत होता.

ट्रॅक ८

रिकामा. टेपची नुसती खरखर. काही जणांनी तीही डोळे मिटून ऐकली.

ट्रॅक १२ : मेलोट्रॉन

मधले गिटार आणि ऑर्गन गेले आणि मी आले. आवाज विझायला लागले, आधी वरचा, मग मधले दोन, मग खालचा. मी पट्ट्या एकदम दाबल्या नव्हत्या म्हणून ते एकदम संपले नाहीत, याहून त्यात काही नाही. हॉल मात्र देवळात बसल्यासारखा बसला होता.

या ट्रॅकची मला भीती नव्हती. मेलोट्रॉन थेट तारेनं जोडलेला असतो, त्याला माइक नसतो, म्हणून तो काही चुगली करत नाही.

भीती पंधराची होती. त्या काळी आधी सगळा बँड एकत्र वाजवायचा, आणि आपण गाण्यात कुठे आहोत ते कळावं म्हणून सोबत कच्चं गायचं. नंतर खरं गाणं वेगळ्या ट्रॅकवर भरायचं आणि कच्चं पुसून टाकायचं. पंधराव्या ट्रॅकवर माझा कच्चा माइक होता, सोळाव्यावर लेनर्डचा. लेनर्डचं कच्चं गाणं ऐकून आमचा निर्माता पॅजेट याचं डोकं दुखायचं, म्हणून काचेपलीकडच्या खोलीत त्यानं ते दोन्ही माइक स्वतःला ऐकू येणार नाहीत असे ठेवले होते, टेपवर मात्र ते भरले जात होते. त्यामुळे टेप संपल्यावर मी काय बोलले ते त्याला कधी कळलं नाही. पण मला ठाऊक होतं मी काय बोलले. आणि पुसायचा म्हणून लाल फुली मारलेला तो ट्रॅक पुसलेला नव्हता. इमोजेननं उत्साहानं जाहीर केलं की फुलीचे दोन्ही ट्रॅक तिनं स्वतःही अजून ऐकलेले नाहीत. ते सगळ्यांनी मिळून पहिल्यांदा ऐकायचे.

सकाळीच मी तिला स्वयंपाकघरात गाठून विनवलं होतं की पंधरा सोडून दे, माझा आवाज तेव्हा बसला होता, लाज वाटते. तिनं माझ्याकडे जरा विचित्र नजरेनं पाहिलं आणि म्हणाली, बघते.

मला माझ्या लाजेचं काही नव्हतं. एक म्हातारी पन्नास वर्षांपूर्वी चुकली, यात कुणाचं काय जातं? पण त्या दोन शब्दांनंतर हे दीडशे लोक लेनर्डकडे बघणार होते. चौकटीचा कागद, ओहोटी, विद्यापीठ, सगळं त्याच्या तोंडावर येणार होतं, आणि ते माझ्या आवाजात.

ट्रॅक १५ : फुली

"हा सोडून द्यायची मला विनंती झाली आहे," इमोजेन माइकवर म्हणाली. "एकदा नाही, दोनदा. सकाळी नऊला ग्लेनिसनं केली आणि सव्वानऊला लेनर्डनं. दोघंही म्हणाले की दुसऱ्याला सांगू नकोस."

लोक हसले. मी लेनर्डकडे पाहिलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही.

"आता तुम्हीच सांगा," ती आम्हाला म्हणाली. "नको म्हणालात तर नाही वाजवणार. खरंच."

मी नको म्हणायला तोंड उघडलं. लेनर्डनं माझ्या मनगटावर हात ठेवला. गार हात. "वाजू दे, ग्लेन," तो हळू म्हणाला. "मला या सगळ्याचा कंटाळा आलाय."

वाजलं. एक मुलगी गुणगुणते आहे, सूर जरा वर. मग ती थांबते. मग अगदी स्पष्ट, माइकला तोंड लावल्यासारखं: "अरे देवा, संपली टेप. माफ करा. गेला टेक. माझीच चूक." मग काहीतरी आदळल्याचा आवाज. तो मी हेडफोन काढून फेकल्याचा होता. त्यानंतर मी वाद्यावर डोकं टेकवून बसले होते, तेही मला आठवलं.

मागे एकानं हळूच विचारलं, "म्हणजे लिहिलेलं नव्हतं?" मी लेनर्डचा हात धरला. मी उठून काहीतरी बोलणार होते, खोटंच काहीतरी, की आम्ही गंमत करत होतो, की ती दुसरी टेप आहे.

इमोजेननं कुणालाच वेळ दिला नाही.

ट्रॅक १६ : फुली

तेवीस वर्षांचा लेनर्ड कच्चं गातो आहे, आणि पॅजेटचं डोकं का दुखायचं ते सगळ्यांना कळतं. मग गाणं मध्येच तोडून, अगदी दबक्या आवाजात:

"थांबा सगळे. वाजवू नका. कुणी हलू नका."

क्षणभर काही नाही.

"तिला सावरू दे."

पुन्हा क्षणभर.

"मान वर कर, ग्लेन. चल. हां... आली. घ्या."

आणि गिटारचा तो एकच सूर.

इमोजेननं टेप थांबवली. मघाची विणकामवाली बाई मोठ्यानं म्हणाली, "बघ, याला म्हणतात थांबणं," ते तिच्या नवऱ्याला होतं. मग सगळा हॉल उसळला. लोक हसत होते, काही डोळे पुसत होते, पोस्टमन उठून उभा राहिला होता आणि त्याला स्वतःलाच का ते कळत नव्हतं. मागे ज्यानं शंका काढली होती तो शेजारच्याला सांगत होता की हे तर लिहिण्याहून भारी आहे, जागेवर सुचलं त्याला, सहा सेकंदांत.

ज्या गोष्टीला मी इतके महिने घाबरत होते ती होऊन गेली होती, आणि लेनर्ड शाबूत होता. एवढंच आधी डोक्यात शिरलं. बाकीचं नंतर.

टेप बंद

चहाच्या वेळी आम्ही दोघं हॉलच्या मागच्या पायरीवर बसलो. आत लोक ते सहा सेकंद इमोजेनकडून पुन्हा पुन्हा मागून घेत होते.

लेनर्डनं सांगितलं ते असं. पॅजेटला मी नको होते. त्याचा कोणी ओळखीचा ऑर्गनवाला तयारच होता, आणि तो फक्त माझ्या एका चुकीची वाट बघत होता. टेक झाल्यावर तो काचेच्या खोलीतून धावत आला आणि म्हणाला, हे अफाट आहे, हे कुणाचं डोकं? मी खरं सांगणारच होते. तेवढ्यात लेनर्ड म्हणाला, माझं, लिहिलेलं आहे. कागद मागितला तर दाखवायला हवा म्हणून रात्री बसून त्यानं खरोखरच चौकटी आखल्या. पॅजेटनं कधी मागितला नाही. पण मासिकवाल्यांनी मागितला.

"ओहोटीबिहोटी?" मी विचारलं.

"ती फुशारकी. एकदा सुरू केल्यावर थांबवता येईना." त्यानं टाय सैल केला. "थोडी मजाही यायची, खोटं कशाला बोलू."

मी म्हटलं, मला सांगायचंस तरी. मी पन्नास वर्षं समजत होते की तू माझी चूक चोरून स्वतःच्या नावावर लावलीस. तुझ्या लग्नाला मी त्याच रागात आले नाही.

तो वळून माझ्याकडे बघतच राहिला. "पण तू ऐकलं होतंस की. सगळ्यांच्या हेडफोनमध्ये माझा माइक होता. बार्नीनं ऐकलं, कॉलिननं ऐकलं."

"मी हेडफोन फेकले होते, लेनर्ड."

"आणि मी पन्नास वर्षं म्हणतोय," तो म्हणाला, "की या बाईनं एकदाही साधे आभार मानले नाहीत. वेल्समध्ये तशी पद्धत नसावी, अशी मी मनाची समजूत घातली."

मला हसू आवरेना. पोटात दुखेपर्यंत हसले, आणि झडप बदललेल्या माणसानं इतकं हसू नये तितका तोही हसला. आतून कुणीतरी विचारलं, सगळं ठीक आहे ना? आम्ही दोघांनी नुसते हात हलवले.

"आभारी आहे," श्वास परत आल्यावर मी म्हटलं.

"उशिरा," तो म्हणाला, "पण चालेल." मी आधी उठले, मग त्यानं हात पुढे केला, आणि मी त्याला ओढून उभं केलं.