काचेवर राहिलेली गुणपत्रिका

मी एक जुने झेरॉक्स मशीन आहे. वळणावरच्या एका छोट्या दुकानात, कोपऱ्यात उभे आहे. मित्रांनो, एरवी माझ्यावर जे ठेवाल तेवढेच मला बोलून दाखवता येते. आज थोडे स्वतःचे सांगते.

मी नवे होते तेव्हा दुकानदार रोज मऊ फडक्याने माझी काच पुसायचे. कॉलेजचे अर्ज सुरू झाले की माझ्यापुढे रांग लागायची. जन्माचे दाखले, शाळा सोडल्याचे दाखले, गुणपत्रिका, सगळे माझ्या काचेवर पालथे पडायचे. गणितात कुणाची दांडी उडाली, हे त्याच्या मामाआधी मला कळायचे. "अगदी ओरिजिनलसारखी निघते हो," असे म्हणत माणसे खूश होऊन जायची. हजारो मुलांचे अर्ज माझ्या हातून गेले. प्रवेश मिळाला की नाही, हे मात्र एकानेही मला येऊन सांगितले नाही.

पुढे माझ्या प्रतींवर काळी रेघ येऊ लागली. नवे मशीन आले आणि माझ्या झाकणावर कोऱ्या कागदांचे गठ्ठे रचले गेले. कोपऱ्यात कुणी फिरकेना. फार एकटे वाटायचे.

गेल्या वर्षी, अर्जाच्या शेवटच्या दिवशी, एक मुलगी आली. सोबत तिचे रंगारी वडील होते, नखांत पांढरा रंग तसाच होता. गर्दी इतकी, की तिने लोकांच्या डोक्यावरूनच गुणपत्रिका आत दिली. दुकानदार नव्या मशीनवर गुंतले होते, म्हणून त्यांच्या पत्नीने, म्हणजे काकूंनी, गठ्ठे उतरवून ती माझ्यावर ठेवली. किती दिवसांनी माझा दिवा लागला होता! मी जीव ओतून प्रती काढल्या. काकूंनी त्या मुलीला दिल्या, सवयीने झाकणावर गठ्ठे ठेवले आणि त्या जेवायला घरी गेल्या. मूळ गुणपत्रिका माझ्या काचेवरच राहिली.

तासाभराने मुलगी धापा टाकत परत आली.

"काका, माझी ओरिजिनल इथं राहिलीय का? ती दाखवल्याशिवाय अर्ज घेत नाहीत. पाचला खिडकी बंद होते."

दुकानदारांनी नव्या मशीनचे झाकण उघडले, ड्रॉवर उपसले. "इथं तर नाही गं. बसमध्ये पडली नसेल ना?"

"आणि त्या मशीनमध्ये?"

"ते बंदच असतं. बघ की, वर गठ्ठे आहेत."

कुणी माझे बटण नुसते दाबले असते, तरी मी तिचे नाव छापून बाहेर टाकले असते. कुणी दाबले नाही. "चल, वाटेत बघत जाऊ," वडील म्हणाले, आणि दोघे जमिनीकडे बघत निघून गेले.

काकूंना गुणपत्रिका सापडली तेव्हा सहा वाजले होते. मुलगी ती दुसऱ्या दिवशी घेऊन गेली. "आता पुढच्या वर्षी," एवढेच म्हणाली. काकूंना तिच्याकडे बघवेना. माझे तर वर्ष फार वाईट गेले.

यंदा ती पुन्हा आली, एकटीच. नव्या मशीनवर प्रती काढून घेतल्या, मूळ गुणपत्रिका नीट फाइलमध्ये ठेवली. जाता जाता कोपऱ्यात वळली, गठ्ठे बाजूला केले आणि तिने माझे झाकण उचलले. काच रिकामी होती. तिने ओढणीच्या टोकाने काचेवरची धूळ पुसली आणि झाकण हळूच मिटले.

मित्रांनो, निघण्याआधी झाकण एकदा उचलून बघत जा. काही राहिलेले नसले तरी बघा. तेवढ्यापुरते का होईना, माझ्याकडे कुणीतरी बघते.