चित्राला लागेल ते

"वहिनी, हा डिंक नाही हं. दातावर कॅप बसवायचं सिमेंट आहे. ओलं आहे तोवर तुझं, सुकलं की त्याचं!"

ट्यूब हातात देताना नणंदेनं बजावलं होतं. नणंद दातांची डॉक्टर. दिवसभर लोकांची तोंडं उघडी ठेवून बोलायची सवय, त्यामुळे तिला उलट उत्तर सहसा मिळत नसे. वहिनीचं तोंड मात्र मोकळं होतं. "काहीतरीच तुझं," म्हणत तिनं ट्यूब पिशवीत टाकली, टिल्लूच्या जादा दुपट्यांखाली.

टिल्लू आठ महिन्यांचा. तो झाल्यापासून त्याच्या आईनं सलग दोन तास डोळा मिटला नव्हता. तिची पक्की समजूत होती, की आपण बघतोय म्हणूनच हे पोर श्वास घेतंय. नजर हटली की तेही विसरून जाईल. पाळण्यावर कॅमेरा लावला होता आणि त्यातलं सगळं तिच्या फोनवर दिसे. भाजी चिरताना फोन मिठाच्या बरणीला टेकवलेला. पोट वर, पोट खाली.

"अगं, अधूनमधून तूही श्वास घेत जा," असं म्हणून नवऱ्यानंच तिला चित्रांच्या वर्गाला घातलं. लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर, दर शनिवारी. तिथल्या बाई सांगत, ही चित्रकला नव्हे, साधना आहे. फळीवर तळहात टेकायचा, डोळे मिटायचे आणि विचारायचं, "काय लागतं?" मनात पहिला शब्द येईल ती वस्तू आणायची, चिकटवायची, वर रंगाचा हात फिरवायचा. का, कशाला, कसं दिसतंय, एक अक्षर विचारायचं नाही. "चित्राला लागेल ते द्यायचं. आपण फक्त हमाल."

हमाली तिला झकास जमली. फळी म्हणून जुन्या कपाटाचं दार ओट्याशेजारी उभं केलं आणि कामाला लागली. चित्राला आधी बँडेजची जाळी लागली, मग चहाचा चोथा, मग शिवणकामाचे कागद. त्यावर निळा, त्यावर मातकट, त्यावर पुन्हा निळा. आणि एकदा असं झालं, की थर वाळेपर्यंत अकरा मिनिटं तिनं फोनकडे पाहिलंच नाही. टिल्लू तरीही श्वास घेत होता. हे तिनं कुणाला सांगितलं नाही. चोरी केल्यासारखं वाटलं.

पुढे चित्र चोखंदळ झालं. नवऱ्याचा डावा मोजा त्यानं ठेवून घेतला. उजवा सकाळी खाली पडलेला मिळाला, नीट गुंडाळी करून.

"माझ्या चष्म्याची काडी कुठाय?"

"लागली."

"कुणाला?"

"चित्राला."

"फार लागलं का गं?" एवढंच विचारून त्यानं चष्मा दोऱ्यानं कानाला बांधला आणि कामावर गेला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. वस्तू मध्येच अडकणं त्याला नवीन नव्हतं.

मंगळवारी दुपारी तिनं तळहात टेकला आणि चित्र म्हणालं, "डोळा."

तिनं बटण लावलं. टप्, खाली. काचेची गोटी लावली. टप्. बाहुलीचा डोळा तर चित्रानं ओट्याच्या पार त्या टोकाला भिरकावला. कुठला डोळा हवाय हे तिला पहिल्या टप्‌लाच कळलं होतं. तरी तिनं बाईंना फोन लावला.

"बाई, डोळ्याऐवजी दुसरं काही चालेल का? काजळाची अख्खी डबी देते."

"चित्राशी घासाघीस करतेस? लागू दे गं डोळा!"

ती आत गेली. टिल्लू नुकताच झोपला होता. त्याच्या पोटाचे शंभर चढउतार मोजले, पाळण्यावरचा कॅमेरा काढला, मनात त्याची माफी मागितली आणि बाहेर आली. साधा डिंक पुरणार नव्हता. पिशवीतून नणंदेची ट्यूब काढून तिनं सढळ हातानं सिमेंट थापलं, कॅमेरा त्यात बसवला आणि अंगठा-बोटाच्या बेचक्यात धरून दाबून ठेवला. चित्र एकदम गप्प झालं. तृप्त.

तिनं हात काढायला घेतला. हात आला नाही.

"ओढू नकोस!" नणंद फोनवर ओरडली. "कातडं निघेल! मी औषध घेऊन येते. पण इथे एकाची दाढ उघडी पडलीय, अर्धा तास तरी लागेल."

"आणि तुझ्या भाच्याकडे कोण बघणार?"

"झोपलाय ना?"

"हो."

"मग झोपलाय!" मागून कुणीतरी 'आँ' केलं आणि फोन बंद झाला.

नवऱ्याला लावला. तो कुठल्यातरी दोन मजल्यांच्या मध्ये असावा, नुसतीच खरखर. तिनं पायानं स्टूल ओढून घेतलं, बसली, आणि सवयीनं फोनवर कॅमेरा उघडला.

पाळणा नव्हता. एक बाई होती. केसांना निळा रंग, खांद्यावर दुधाचा वाळका डाग, डोळ्यांखाली काळं. हिला कितीतरी दिवसांत कुणी पाहिलेलं नसावं. श्वास घेतेय ना ही? तिनं निरखून पाहिलं. पोट वर. बराच वेळ काहीच नाही. मग खाली. ती मोजू लागली. सात. आठ. बाईचं डोकं हळूहळू अडकलेल्या दंडावर टेकलं. अकरा. पापण्या जडावल्या. तिनं फोन मांडीवर ठेवला आणि मान जेमतेम वळवून थेट तुमच्याकडे पाहिलं.

"अहो, वाचताय ना? म्हणजे जागे आहात. जरा आत जाता का? दार लोटलेलंच आहे. खिडकीकडचा पाळणा, पिवळं पांघरूण. पोट वर-खाली होतंय का, तेवढं बघून या. हात मात्र लावू नका, आत्ताच कुठे डोळा लागलाय..."